देवाची पाठ

धाकट्याने समईची वात सारली, ओलं फडकं पिळून खांद्यावर टाकलं, डोळे घट्ट मिटले आणि तो देवाच्या डाव्या अंगाने मागे शिरला. मूर्ती आणि भिंत यांच्यामध्ये माणूस तिरपा होऊन कसाबसा सरकेल एवढीच जागा. हात देवाच्या मानेवर ठेवायचा, पाठ पुसत पुसत पलीकडे सरकायचं आणि उजव्या अंगाने बाहेर पडल्यावरच डोळे उघडायचे. लहानपणी वडिलांनी हे शिकवलं ते पोहायला शिकवतात तसं, ढकलून. पहिल्या दिवशी धाकट्याने भोकाड पसरलं होतं. तेव्हा थोरला त्याच्या मागोमाग आत शिरला होता, त्याचा सदरा पाठीमागून मुठीत धरून. "मीट डोळे. मी आहे ना मागे." आता धाकट्याच्या पायांना फरशीचा चढउतार ठाऊक होता आणि हाताला देवाची पाठ.

हात मानेवरून खांद्यावर आला, खांद्यावरून खाली उतरला. तिथे एक खाच होती. करंगळीचं टोक बसेल एवढी. कुठल्या तरी काळी कुणाचा तरी तांब्या आपटून दगडाचा टवका उडाला असेल. तिथे आला की हात अडायचाच, अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी लागावी तसा. आज हात अडला नाही. फडकं सरळ कमरेपर्यंत गेलं.

तो थांबला. फडकं दुसऱ्या हातात घेऊन त्याने नुसत्या बोटांनी पुन्हा वरून सुरुवात केली. मान, खांदा, खांद्याखालचा फुगवटा. खाच नव्हती. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस तो. सुईचं टोक बोथट झालंय की नाही ते त्याला अंगठ्याने कळायचं. बोटांवर अविश्वास दाखवायची त्याला सवय नव्हती.

पापण्या थरथरल्या. त्याने त्या आणखी आवळल्या आणि उरलेली पाठ न पुसताच बाहेर पडला. समोरून देव होता तसाच होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून उभा. समोरची बाजू काय, एखादा कसबी माणूस हुबेहूब घडवून देईल, असं धाकट्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्याने घाईघाईने गंध लावलं, फुलं वाहिली आणि दार ओढून घेतलं.

पूजेची पाळी दोघा भावांत महिन्याआड ठरलेली होती. आपला महिना नसेल तेव्हा धाकटा बाजारातलं दुकान पूर्ण वेळ बघायचा. पण गेले कित्येक महिने थोरला दोन्ही पाळ्या स्वतःच करत होता. "तू दुकान बघ रे. मला दुसरं काम काय आहे?" असं तो म्हणाला होता, आणि धाकट्याला ते आवडलंही होतं. आयतं कोणाला नको असतं? आता थोरला तापाने पडला म्हणून गाभाऱ्याची किल्ली धाकट्याच्या हातात आली, तीही वहिनीने दोन-दोनदा बजावून.

"आत काही इकडचं तिकडे करू नका हं भाऊजी. तांब्या, सहाण, तेलाची बरणी, सगळं जिथल्या तिथे. त्यांना चालत नाही."

पूर्वी चालत होतं. पूर्वी थोरला स्वतःच सहाण कुठेतरी ठेवून द्यायचा आणि मग कमरेवर हात ठेवून देवालाच विचारायचा, "कुठे ठेवली रे मी?"

तेव्हा धाकट्याने वहिनीचं बोलणं कानाआड केलं होतं. आज किल्ली खिशात टाकताना ते पुन्हा आठवलं, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

देऊळ किती जुनं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल प्रत्येकालाच सगळं ठाऊक होतं. पायऱ्यांखाली टपरी टाकलेल्या चहावाल्याच्या मते, मूर्तिकाराने देवाला विचारलं होतं, पाठ कशी करू? देव म्हणाला, पाठ मी कोणाला दाखवत नाही. तरी त्याने ती करायला घेतली, आणि टाकी खाली ठेवायला वाकला तर त्याला जमीन दिसेना. शेजारच्या फुलवालीला हे साफ नामंजूर होतं. तिच्या मते दोष एका राजाचा होता, जो देव आपल्याकडे पाठ फिरवतो की काय ते बघायला मागे डोकावला. दोघांची यावरून अधूनमधून जुंपायची. पण देवाची पाठ बघणाऱ्याचे डोळे जातात, यावर दोघांचं एकमत होतं, कारण त्याचा पुरावा पुजाऱ्यांच्याच घरात होता.

आजोबांच्या काकांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी चोरून बघितलं असणार हे सगळ्यांना आपोआप कळलं. त्यांनी शपथा घेतल्या. लोकांनी त्या ऐकून घेतल्या आणि गाभाऱ्याची किल्ली काढून घेतली. उरलेलं आयुष्य ते देवळाच्या पायरीवर बसून होते. पुढे आजोबा भिंत धरून चालायला लागले, तेव्हा घरच्यांनीच त्यांना बाहेर नेणं बंद केलं, आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वडील तरुणपणीच आजारी पडून गेले, म्हणून त्यांच्यावर कसला आळ आला नाही. त्यानंतर धाकट्याला वाढवलं ते थोरल्यानेच, स्वतःला धड मिसरूड फुटलेलं नसताना.

चहावाल्याने कप पुढे केला.

"थोरल्यांचा ताप कसा आहे?"

"उतरतोय."

"बरं झालं. आज गंध सरळ लागलंय, तेव्हाच ओळखलं तुम्ही होता म्हणून. हल्ली तिरपं असतं. लक्ष नसतं त्यांचं पूजेत." त्याने इकडेतिकडे बघितलं. चहावाला इकडेतिकडे बघायला लागला की पुढचं वाक्य सगळ्या बाजारात आधीच सांगून झालेलं असतं. "मागच्या आठवड्यात बसथांब्यावर होते. चामडी बॅगवाला एक माणूस. इथला नाही. त्याने एक पुडकं दिलं, यांनी लगेच खिशात घातलं. मी बाजूलाच उभा. हाक मारणार होतो, पण त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं."

"असेल कोणी ओळखीचा."

"असेल ना. मी कुठे काय म्हणतोय? फक्त पेपरात येतं बघा, जुन्या मूर्त्या कुठल्या कुठे जातात. कोणी सांगावं."

धाकट्याने अर्धा चहा तसाच ठेवला. चहावाल्याला रागवावं असं त्याला वाटलं, पण रागवायला तोंड उघडलं तर खाचेचं बोलून जाऊ अशी त्याला भीती वाटली. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि ते आपल्याच घराखाली मुरत होतं.

दुकानात त्या दिवशी त्याने एक यंत्र खोललं आणि पुन्हा जोडताना एक स्क्रू हातात उरला. असं त्याचं कधी होत नसे. स्क्रू बोटांत फिरवत असताना त्याला फोटो आठवला. थोरल्यानेच मागे एकदा विचारलं होतं, "देवाचा एखादा मोठा फोटो करून मिळेल का रे? चांगला मोठा. चेहरा बारकाईने दिसायला हवा." धाकट्याने तो करून आणला होता, उशीएवढा. कशाला हवा म्हणून विचारलं, तर थोरला "असू दे" म्हणाला होता. रोज ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याचा फोटो माणसाला कशाला लागतो? आणि ज्याला हुबेहूब दुसरा घडवायचाय त्याला पहिल्यांदा काय लागतं?

घरी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा भाजी वाढली, ती त्याने दोनदा खाल्ली.

"आता तिसऱ्यांदा वाढते, म्हणजे पोट फुटल्यावर तरी बोलाल," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. तिने मध्येच काही विचारलं नाही. शेवटी ताट बाजूला सरकवून म्हणाली, "थोरले भाऊजी असं करणार नाहीत."

"मला तरी कुठे वाटतंय?"

"वाटत नाही तर घास का अडकतोय?"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"विचारा त्यांना सरळ."

"काय विचारू? तू देव विकलास का? आणि विकला नसेल तर? पुन्हा तोंड कसं दाखवू त्याला?"

"मग बघा एकदा मागून."

"बघायचं नसतं."

"यंत्र न खोलता सांगता का कधी, आत काय बिघडलंय ते?" असं ती बोलून गेली, आणि मग तिलाच भीती वाटली असावी. "नको. राहू दे. डोळ्यांवर पोट आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा निरोप आला. ताप उतरलाय, उद्या सकाळपासून हेच पूजेला जातील, किल्ली आणून द्या. अंगात उभं राहायची ताकद नाही आणि पूजेची एवढी घाई. धाकट्याने दुकानाचं दार ओढलं. खिशात विजेरी टाकली, एक बारीक पेचकस टाकला. देऊळ दुपारचं बंद होतं. चहावाला टपरीत तोंडावर वर्तमानपत्र ठेवून झोपला होता. धाकटा एकेक पायरी असा चढला जणू तो दुसऱ्याच्या घरात शिरतोय.

गाभाऱ्यात विजेचा दिवा लावायची रीत नव्हती. समई तेवढी जळत होती आणि वर्षानुवर्षांच्या काजळीने काळ्या पडलेल्या भिंती तिचा सगळा उजेड पिऊन टाकत होत्या. धाकटा देवासमोर बराच वेळ उभा राहिला. देव बनावट असेल तर भ्यायचं कारण नव्हतं. देव खरा असेल तर भाऊ खरा होता, आणि मग डोळे गेले तरी चालतील, असा हिशेब त्याने मनाशी केला. तो हिशेब त्याला स्वतःलाही फारसा पटला नाही. तो डाव्या अंगाने मागे शिरला, सवयीने डोळे मिटलेच, हात पाठीवर ठेवला. मग विजेरी लावली आणि डोळे उघडले.

आधी नुसता पांढरा उजेड दिसला आणि डोळे गेले असंच त्याला वाटलं. मग हळूहळू दगड दिसायला लागला.

पाठ काळीभोर होती आणि तिचे उंचवटे झिजून मऊ झाले होते, किती पिढ्यांच्या हातांनी ते देव जाणे. खांद्याखाली, जिथे खाच असायला हवी तिथे, पिवळट करडं काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने पेचकसाच्या टोकाने उकरलं. खपली निघाली. त्याने नाकाशी नेली, वाळलेलं गंध. थरावर थर चढून, तेल आणि काजळी मुरून त्याचा दगड झाला होता. त्याने सगळं कोरून काढलं आणि करंगळी टेकवली. ती नेहमीसारखी बसली.

धाकट्याने कपाळ देवाच्या पाठीला टेकवलं. तीच मूर्ती होती. त्याला हसू आलं, लाजही वाटली, आणि चहावाल्याच्या तोंडावरचं वर्तमानपत्र ओढून त्याच्या हातात द्यावंसं वाटलं.

पण इथे गंध आलं कुठून? गंध लावायचं ते सगळ्यात शेवटी, समोरून. गंधाच्या हाताने मागे कोणी जात नाही. त्याने विजेरी बाजूच्या भिंतीवर फिरवली. काजळीवर एक पंजा उमटला होता. गंधाचा. त्याच्यापुढे आणखी एक. त्याखाली जुने, पुसट. धाकट्याने एकेक पंजा बघत उजव्या अंगाने बाहेर पाऊल टाकलं. मागे डोळे मिटलेले असतात, तिथे माणूस भिंत चाचपणारच. पण पंजे बाहेर आल्यावरही थांबले नव्हते. ते कोपऱ्यातून वळले होते, समईच्या कोनाड्याशी दाटीवाटीने जमले होते, तिथून सरळ दाराकडे गेले होते. चौकटीवर तर ते इतके होते की लाकूड पिवळं दिसत होतं. इथे डोळे उघडे असतात. इथे कोणाला भिंत धरायचं काय कारण?

विजेरीचा उजेड तांब्यावर गेला. मग सहाणेवर, मग तेलाच्या बरणीवर. सगळं जिथल्या तिथे होतं.

थोरला आपल्या घरी खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. देवाचा मोठा फोटो नाकाजवळ नेऊन तो त्याचा एकेक कोपरा बघत होता. पावलं ऐकून त्याने फोटो उलटा केला.

"आलास? किल्ली खुंटीला लाव."

धाकट्याने किल्ली लावली नाही. ती त्याने टेबलाच्या कडेला ठेवली, थोरल्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि मुकाट्याने उभा राहिला. थोरला उठला. टेबलाच्या अंगावरूनच पुढे गेला. त्याचा हात खुंटीवर फिरला, रिकाम्या खुंटीला वरून खाली चाचपून थांबला.

"लावली नाहीस?"

"दादा, कधीपासून?"

हात खुंटीवरच राहिला. "काय कधीपासून?"

"भिंतीला गंध लागलंय. दारापर्यंत."

आतल्या खोलीत भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने धाकट्याकडे बघितलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. तिला ठाऊक होतं. ती एकटीच इतके दिवस या घरातलं एकही भांडं जागचं हलू देत नव्हती.

थोरला परत येऊन खुर्चीत बसला.

"समोरचं दिसतं," तो म्हणाला. "बाजूचं गेलंय. दोन्हीकडून भिंती जवळ येत चालल्यासारखं. उजेड कमी असला की तेही नाही. गाभाऱ्यात इकडून तिकडे जायचं तर, गंधाच्या हातानेही, देवाच्या मागूनच फिरून येतो मी, तो रस्ता हाताला ठाऊक आहे. खरं सांगू? मागे गेलो की बरं वाटतं. तिथे मी आणि तू सारखेच."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"शहरात. तो बॅगवाला माणूस थेंब आणून देतो तिथून. डॉक्टर म्हणतात, गेलेलं येणार नाही, पण ऑपरेशन केलंत तर आहे तेवढं राहील."

"मग?"

"मग काय? डोळ्याला पट्टी बांधून घरी आलो की चहावाला तुझ्याआधी ओळखेल. देवस्थानची मंडळी किल्ली मागायला येतील. पायरीवर जागा आहेच आपल्या घराण्याची."

"लोकांचं सोड."

"सोडलं." थोरला फोटोची कड नखाने खरवडत राहिला. "देवाचं कसं सोडू? त्यानेच घेतले असतील तर डॉक्टरकडून परत मागायचे?"

"तू बघितलंस का कधी मागून?"

"नाही." मग अगदी बारीक आवाजात, "मला तरी आठवत नाही. पडल्या पडल्या तेच आठवत बसतो. एखाद्या वेळी पाय सरकला असेल. पापणी उघडली असेल. माणसाचा काय भरवसा?"

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी सांगून थकले. पुढच्या महिन्यापर्यंत केलं नाही तर उपयोग नाही म्हणालेत."

भावाला उठवून दवाखान्यात नेणारं एक वाक्य त्याच्याजवळ होतं. पण त्या वाक्याच्या शेपटीला दुसरं वाक्य बांधलेलं होतं, आणि एक बाहेर काढलं की दुसरं येणारच होतं. ज्याने आपला सदरा धरून देवाच्या मागे चालायला शिकवलं त्याच्यावरच आपण कसला संशय घेतला, याची त्याला इतकी लाज वाटली की क्षणभर गप्प राहावंसं वाटलं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी. त्याने भावाकडे बघितलं. थोरला त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, टेबलाच्या पायाशी बोलत होता.

"मी बघितलं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"देवाची पाठ. विजेरी लावून. आत्ता."

वहिनीच्या हातातला पदर सुटला. थोरला ताडकन उठला, दोन पावलांत त्याच्याजवळ आला आणि त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघत राहिला, मघाशी फोटो बघत होता तसा.

"दिसतंय तुला?"

"दिसतंय."

"नीट?"

"तुझ्या नाकावरचा तीळ दिसतोय."

थोरल्याने हनुवटी सोडली नाही. "का बघितलंस?"

खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली. थोरला वाट बघत राहिला, मग हळूहळू त्याने वाट बघणं थांबवलं. त्याचा हात खाली आला. माणसाचे डोळे अधू झाले म्हणून त्याची समज अधू होत नाही. किल्ली, पाळी, फोटो, बॅगवाला माणूस. हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल ते तो बहुधा पहिल्यांदाच बघत होता.

"तीच आहे ना मूर्ती?" त्याने विचारलं.

"तीच आहे."

"खाच?"

"गंधाने भरली होती. कोरून काढली."

"हं."

तो खुर्चीत बसला. वहिनी पुढे आली आणि काहीतरी बोलणार होती, पण त्याने हाताने तिला थांबवलं. धाकटा दाराकडे बघत होता. आता निघून जावं की पाय धरावेत हे त्याला कळत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काहीही केलं तरी ते कमीच पडणार होतं.

"कसा आहे रे मागून?" थोरला म्हणाला.

"काय?"

"देव. कसा आहे?"

धाकटा त्याच्या पायाशी जमिनीवर बसला. "केस आहेत. मोकळे, खांद्यापर्यंत कोरलेत, बट न् बट. आणि मग सोडून दिलंय. खाली नुसते टाकीचे घाव."

"केस आहेत?" थोरल्याचा हात हवेत वरून खाली आला. "मला आयुष्यभर वाटायचं शेला आहे. चुण्या पडलेला."

"मला साप वाटायचे."

"तू भित्राच होतास." थोरला हसला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते पुसून त्याने पुन्हा विचारलं, "आणि तुला दिसतंय?"

"दिसतंय म्हटलं ना."

"दोन-चार दिवस बघू. तुझं दिसणं टिकलं तर मी येतो दवाखान्यात."

ते दोन-चार दिवस थोरला रोज पूजेनंतर दुकानात यायचा. धाकटा त्याच्यासमोर सुईत दोरा ओवायचा. थोरल्याला ना सुई दिसायची ना दोरा. तो नुसता यंत्र सुरू झाल्याचा आवाज ऐकायचा आणि समाधानाने परत जायचा. तो गेल्यावर धाकटा पुन्हा एकदा ओवून बघायचा. कधी पहिल्या फटक्यात जायचा, कधी दोन-तीनदा हुकायचा. आधीही हुकत असेलच, असं तो मनाशी म्हणायचा. आधी कधी मोजलं नव्हतं.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी थोरल्याला तपासलं, ऑपरेशनचा दिवस ठरवला आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं का हे?"

"नाही," थोरला म्हणाला. "म्हणजे आजोबांना शेवटी दिसत नव्हतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं."

"आणखी कोणी?"

"आजोबांचे काका. त्यांचंही..." तो बोलता बोलता थांबला. त्याने मान वळवून धाकट्याला शोधलं. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, हातात थोरल्याची पिशवी घट्ट धरून.

"त्यांचं काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

थोरला धाकट्याच्या दिशेनेच बघत होता.

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "काचबिंदू असाच असतो. घराण्यात उतरतो, आणि बरंचसं गेल्याशिवाय कळत नाही. तुम्ही सख्खे भाऊ ना? इकडे या. हनुवटी इथे टेकवा."

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. स्टुलावर बसला. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. समोरच्या काळ्या नळीतून पांढरा उजेड सरळ आत आला, आणि त्याचे डोळे आपोआप घट्ट मिटले.

"डोळे मिटू नका. उघडे ठेवा."

त्याने प्रयत्न केला. पापण्या उघडेनात. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुठेतरी टेबलाला धक्का लागला, आणि एक हात चाचपडत येऊन त्याच्या पाठीवर थांबला. त्या हाताने त्याचा सदरा मुठीत धरला.

"उघड," थोरला म्हणाला. "मी आहे ना मागे."